उष्टा शब्द

अभिज्ञान मंडळाच्या अमरावती कार्यालयात त्या दिवशी झेंडूच्या माळा होत्या, समई होती, आणि देशातल्या सर्वांत सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या खोलीच्या दाराला कोणीतरी हौसेने आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. खोलीला खिडकी नव्हती. आत माइक नव्हता, कॅमेरा नव्हता. जाड कापडाने मढवलेल्या चार भिंती, एक खुर्ची, एक कळफलक आणि तळहाताएवढा पडदा. तिचे नाव मौनकक्ष. भारदस्त नावे शोधण्यात या मंडळाचा हात धरणारे दुसरे खाते नव्हते.

पहिला शब्द नोंदवण्याचा मान डॉ. विशाखा देशभ्रतार यांचा होता. भाषाविज्ञानाच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंच्या एका निबंधातून ही सगळी योजना जन्मली होती, आणि ज्यांनी तो निबंध वाचला नव्हता असे सर्व मान्यवर समारंभाला जातीने हजर होते. विशाखाबाई आत गेल्या. दार मागे बंद झाले. त्यांनी एक शब्द टंकित केला. तीन अक्षरांचा तो शब्द इथे लगेच लिहिता येत नाही. का, ते लवकरच कळेल.

पडद्यावर ओळ उमटली: ‘हा शब्द अन्य नागरिकाच्या नावे नोंदलेला आहे. कृपया दुसरा शब्द द्यावा.’

विशाखाबाई बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माहेरचा एक शब्द दिला, त्यांचे आजोबा एका हटवादी बैलासाठी वापरत तो. तो मंडळाने विनातक्रार स्वीकारला.

बाहेर संचालक ताटकळत उभे होते. उशीर का झाला हे कळल्यावर त्यांनी सर्वांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने विचारले, “म्हणजे मॅडम, तुमच्याच घरात कोणी शिरलं म्हणायचं?” हशा पिकला. संचालकांनी मग समजूत घातली: चाचणीच्या काळात पुण्यात आणि बंगळुरात काही हजार लोकांनी शब्द नोंदवलेले आहेत, त्यांतल्या कोणाचा तरी योगायोगाने जुळला असणार.

विशाखाबाईंनी मान डोलावली. योगायोग हा शब्द त्या स्वतः फार जपून वापरत. तो तीन अक्षरी शब्द जगात तीनच माणसांना ठाऊक होता. एक त्यांचे यजमान अश्वघोष, ते वारले होते. दुसऱ्या त्या स्वतः. तिसरी त्यांची मुलगी उत्पला. ती काही वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती, आणि ती कुठे आहे, काय करते, जिवंत तरी आहे का, याचा त्यांना पत्ता नव्हता.

आता निदान शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

*

पासवर्डाचे दुखणे असे, की त्याच्याकडून दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या जातात. धन्याला तो झोपेतून उठवले तरी आठवावा, आणि चोराला मात्र कल्पांतापर्यंत सुचू नये. लोकांनी पहिली काही दशके पहिलीच अट पाळली. मुलाचे नाव, लग्नाचे साल आणि शेवटी सुरक्षिततेसाठी एक उद्गारचिन्ह, एवढ्यावर अर्ध्या देशाची मालमत्ता झोपली होती. मग तज्ज्ञांनी सांगितले, की एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द ओळीने घ्या: हत्ती, कात्री, सोमवार, लोणचे. हिशेब चोख होता. काही हजार शब्दांतून चार शब्द डोळे मिटून उचलले तर त्यांच्या जोडण्या इतक्या होतात, की त्या एकेक करून तपासताना संगणकाचीही दमछाक व्हावी. पण डोळे मिटतो कोण? माणूस हत्ती म्हणाला की त्याच्या मनात सोंड येते, ती नको म्हणून तो कात्री घेतो, आणि आपण फार बेसंबंध काही निवडले अशा समाधानात राहतो. त्याला काय नको वाटले, यावरूनही त्याचा माग काढता येतो.

तो माग काढणारे यंत्र पुढे निघालेच. त्याला अनुमानक म्हणत. जगात छापलेले सारे त्याने वाचले होते, आणि घराघरांतल्या फोनांपुढे, दिव्यांपुढे, फ्रीजपुढे जे बोलले गेले ते सारे ऐकले होते. माणसाला काय सुचते आणि कशानंतर सुचते, याचा त्याने असा अभ्यास केला, की अब्जावधी शक्यतांची घडी घालत घालत ती शेदोनशेवर आणून ठेवली. चेहरा, बोटाचा ठसा, आवाज यांची हुबेहूब नक्कल तर त्याआधीच कोणालाही करता येऊ लागली होती. यंत्राने घडवलेली किल्ली यंत्रातच ठेवावी, तर दुसरे यंत्र पहिल्याला फितवी. शेवटी भरवशाची जागा उरली ती माणसाचे डोके. आणि डोक्यात राहण्यासारखे जे काही होते, ते अनुमानकाला आधीच पाठ होते.

विशाखाबाईंच्या निबंधाचा विषय यांपैकी काहीच नव्हता. त्यांनी आयुष्यभर ज्याला घरबोली म्हटले, तो होता. एकाच घरात जन्मून त्याच घरात मरणारे शब्द: कोण्या घरी उरल्यासुरल्या भाज्यांच्या रश्शाला एका आगंतुक पाहुण्याचे नाव पडलेले असते, कोठे बोबड्या पोराने उलटा केलेला शब्द ते पोर सरकारी नोकरीला लागले तरी तसाच चालतो. असे शब्द त्या घराला विसरता येत नाहीत, कारण त्यांच्या आठवणीला कारण असते. ते कारण घराबाहेर कोणाला ठाऊक नसते, म्हणून बाहेरच्याला त्यांचा अंदाजही बांधता येत नाही. निबंधातले हे एक वाक्य मंडळाने उचलले आणि त्यावर घरशब्द योजना उभारली. प्रत्येक नागरिकाचा एक घरशब्द. तीच त्याच्या घराची, पगाराची, दवापाण्याची किल्ली.

मंडळ शब्द साठवत नसे, त्याचे पीठ साठवी. पिठावरून दाणा ओळखता येत नाही, पण तोच दाणा पुन्हा दळला तर तेच पीठ पडते; गणिताचे हे जाते उलटे फिरत नाही. म्हणून एकाचा शब्द दुसऱ्याने दिला तर मंडळाला शब्द न कळताही तो जुळल्याचे कळे. आणि म्हणूनच देशातला प्रत्येक माइक कानी पडलेला प्रत्येक शब्द दळून नोंदींशी ताडून पाही. कोणाचा घरशब्द कोणाच्याही तोंडून एकदा जरी उघड्यावर उच्चारला गेला, तर तो अनुमानकाच्या कानी गेला असे धरून त्या क्षणी बाद होई. बाद शब्दाला मंडळाने जे नाव दिले ते मात्र अस्सल होते: उष्टा. उष्टा शब्द पुन्हा कोणाच्याच ताटात वाढता येत नसे. नोंद नसलेला शब्दही योजना सुरू झाल्यावर उघड्यावर बोलला गेला, तर तोही उष्टाच धरला जाई.

दोन कलमे विशाखाबाईंच्या आग्रहाने घातली गेली. ज्याचा शब्द उष्टा होईल त्याने जन्मगावच्या कार्यालयात स्वतः यावे, आणि त्याला ओळखणारा घरचा माणूस साक्षीला असावा. घरबोलीचा साक्षी घरच असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरे कलम असे, की धारकाच्या निधनानंतर त्याचा शब्द मोकळा करावा. तज्ज्ञांना हे पटत नव्हते. विशाखाबाई दोन बैठका त्यावर भांडल्या. भाषेची मालकी मेलेल्यांकडे राहता कामा नये, असे त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य कार्यवृत्तात आले याचा त्यांना आनंदही झाला.

*

निबंधाला परिशिष्ट होते, आणि परिशिष्टात त्यांच्या स्वतःच्या घरातले शब्द होते. जवळजवळ सगळे उत्पलाचे, ती दुडुदुडु चालायची तेव्हापासूनचे. व्युत्पत्ती, अर्थ, वापराचा संदर्भ यांसह. माहितीदात्री एक, वय अडीच. माहितीदात्री एक, वय चार. उत्पलाच्या हाती तो निबंध पडला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि नोकरीच्या शोधात घरी येऊन राहिली होती.

“माझं अख्खं लहानपण छापलंस तू,” ती म्हणाली. “अनुक्रमांक घालून.”

विशाखाबाईंनी सांगितले, की उदाहरणांवाचून सिद्धान्त उभा राहत नाही, आणि माहितीदात्रीचे नाव कुठेही दिलेले नाही.

उत्पला कडवट हसली. बाबा असते तर त्यांनी मला आधी विचारलं असतं, असे काहीसे ती बोलली. अश्वघोष जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवत. विचारल्याशिवाय त्यांनी कोणाचे साधे रेखाचित्रही काढले नव्हते. मग तिने ते पान पुन्हा वर केले. “एक राहिला बघ. विसरलीस?”

तो विसरला नव्हता. तो विशाखाबाईंनी मसुद्यात लिहून, मग स्वतःच्या हाताने खोडला होता. अश्वघोष रोज सकाळी शाळेला निघत, फाटकातून बाहेर पडत, आणि कॉलनीच्या वळणावर विजेचा खांब होता त्याच्यापाशी थांबून मागे वळत. डबा उंच धरून “येतो” म्हणत, आणि दिसेनासे होत. विशाखाबाईंच्या कडेवरून उत्पला हे पाही. बाबा गेले यापेक्षा बाबा खांबापाशी वळले, ही तिच्या लेखी मोठी घटना असे. अडीच वर्षांच्या त्या पोरीने बापाचे बोलणे आणि तो खांब यांची मोडतोड करून त्या क्षणासाठी एक शब्द घडवला होता. निरोप, आश्वासन आणि मागे वळणे, तिन्ही एकात मावेल असा शब्द प्रमाण भाषेने आजवर घडवलेला नाही.

हे सगळे सांगता आले असते. त्याऐवजी विशाखाबाई म्हणाल्या, “परिशिष्ट परिपूर्ण असल्याचा दावा मी कुठेही केलेला नाही.”

उत्पलाने बॅग भरली. “जाते,” म्हणाली. जाते म्हणू नये, येते म्हणावे, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होते. विशाखाबाईंनी जन्मभर तिची क्रियापदे सुधारली होती. हे एक सुधारले नाही. त्या टेबलापाशी बसून राहिल्या. खांबापाशी ती वळली की नाही हे त्यांना माहीत नाही, कारण त्या फाटकापर्यंत गेल्याच नाहीत.

आणि आता, आपल्या आईलासुद्धा आठवत नाही असे धरून जगात सर्वांत सुरक्षित ठरलेला तो शब्द, उत्पलाने आपल्या आयुष्याची किल्ली म्हणून निवडला होता.

*

योजना यशस्वी झाली. चोऱ्या थांबल्या, हे कोणीही मान्य करील. त्याबरोबर आणखी काय थांबले ते मोजण्याचे काम कोणत्याही खात्याकडे नव्हते.

शेजारच्या इंगोल्यांच्या घरात ते विशाखाबाईंना भिंतीपलीकडून ऐकू आले. किंवा ऐकू येईनासे झाले. बळवंतराव इंगोले लग्न झाल्यापासून बायकोला एका खास नावाने हाक मारत. रुक्माबाईंनी तेच नाव घरशब्द म्हणून दिले. एका सकाळी टॉवेल विसरला म्हणून बळवंतरावांनी न्हाणीघरातून सवयीने हाक मारली, आणि खिडकीत ठेवलेल्या फोनने ती ऐकली. दुपारी औषधाच्या दुकानात रुक्माबाईंचे इन्शुलिन अडले. जन्मगाव दर्यापूरकडे; तिथे जाणे, भावाला साक्षीला उभे करणे, नवा शब्द शोधणे, यात तीन आठवडे गेले आणि त्यांच्या पायाची जखम चिघळली.

पुढे बळवंतराव फाटकावर भेटले तेव्हा विशाखाबाईंनी विचारपूस केली.

“पाय सुधरला. बोट गेलं एक,” ते म्हणाले. “जिंदगीभर ज्या नावानं बायकोले हाक मारली, ते तोंडातून निघालं तं हे झालं, मॅडम.”

“आता काय म्हणता त्यांना?”

“आता खाकरतो,” बळवंतराव म्हणाले. “तिले समजते.”

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसावे. विशाखाबाईंनी सांगितले नाही.

घरोघर हेच चालले होते. बोबड्या पोराने नवा शब्द काढला की आया त्याच्या तोंडावर हात ठेवत. पुढेमागे कामाला येईल, उष्टा करू नको. शब्द पोराच्या वापरात राहण्यापेक्षा त्याच्या भविष्यासाठी शिल्लक राहणे महत्त्वाचे झाले. ज्या भाषेला कोणत्याही राजवटीला हात लावता आला नव्हता, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती, ती माजघराची भाषा एका विदुषीच्या एका वाक्याने गप्प केली होती. एका नियतकालिकाने विशाखाबाईंकडे ‘घरबोलीचा ऱ्हास’ या विषयावर लेख मागितला. संदर्भसूचीत आपलेच नाव पहिले येईल, असे कळवून त्यांनी नकार दिला.

*

प्रफुल्ल उईके त्यांचा जुना विद्यार्थी, धारणीकडचा. मंडळात उपनिबंधक होता. समारंभानंतर काही महिन्यांनी एका रविवारी तो घरी आला, चहा घेतला, आणि संचालकांना जे सुचले नव्हते ते त्याने सरळ विचारले: “शब्द उत्पलाकडे हाय ना?”

विशाखाबाईंनी होकार दिला. तो धारक कोण हे मंडळाला तरी दिसते का, असे त्यांनी विचारले. नाही, त्याने सांगितले. पीठ एका जागी आणि नावे दुसऱ्या जागी, दोन्ही जोडून पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण एक गोष्ट त्याला माहीत होती. ज्याच्या शब्दावर असा दुसऱ्या कोणाचा हात पडतो, त्याला एक ओळ जाते: ‘आपल्या शब्दापाशी कोणीतरी येऊन गेले.’ कोण, ते त्यात नसते.

“म्हणजे तिला कळलं,” विशाखाबाई म्हणाल्या.

“कळलं असंन.” उईकेने कप खाली ठेवला. मग आवाज उतरवून बोलला. “एक सांगू का, मॅडम? एकडाव मोठ्यानं म्हणून टाका तो शब्द. उष्टा झाला की तिले इथं यावंच लागते, अमरावतीले. साक्षीले घरचं माणूस पाहिजे. तिचं घरचं माणूस तुमच्याशिवाय हाय कोण? नियम तुमचाच हाय. पंधरा दिवसांत पोरगी दारात उभी राहीन.”

“तिचं घर, पगार, दवाखाना, सगळं बंद पाडून?”

“थोडे दिवस बंद राहीन. मंग चालू होते.”

“रुक्माबाईंचं बोट गेलं,” विशाखाबाई म्हणाल्या.

जाताना चप्पल घालता घालता उईके पुन्हा म्हणाला, की तुम्ही फार विचार करता. माझी माय असती तर तिने केव्हाच बोंब मारली असती.

तो गेल्यावर विशाखाबाई स्वयंपाकघरात आल्या. फ्रीजच्या दारावर माइकचा बारीक ठिपका होता. जवळ कोणी आले की तो निळा होई. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तीन अक्षरे. एवढी उच्चारायला जेवढा श्वास लागतो तेवढ्यात मुलीला परत आणता येत होते. कोणत्याही आईच्या हातात इतकी सत्ता कधी आली नव्हती. त्यांनी तोंड उघडले, पहिले अक्षर ओठांवर आले, ठिपका निळा झाला आणि वाट पाहू लागला.

पहिल्या अक्षराने काही उष्टे होत नाही. ते भाषेत हजार शब्दांचे पहिले अक्षर आहे. त्या तिथेच थांबल्या. एकदा तिला न विचारता तिचे शब्द घेतले होते. जो घेतला नव्हता तोही आता घ्यायचा, आणि तिचे दार कुलूपबंद करून तिला आपल्या दाराशी आणायचे, एवढे पांडित्य आता त्यांच्यात उरले नव्हते.

“दुधाची पिशवी संपत आली आहे,” फ्रीज म्हणाला.

*

एकदा नाकारलेला शब्द, आधीचा शब्द कायम ठेवून, वर्षभराने पुन्हा मागता येत असे. पुढल्या वर्षी उत्पलाच्या वाढदिवसाला विशाखाबाई इस्त्रीची साडी नेसून कार्यालयात गेल्या, मौनकक्षात बसल्या आणि तोच शब्द टंकित केला. ‘हा शब्द अन्य नागरिकाच्या नावे नोंदलेला आहे.’ त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. इतके मायेचे पत्र त्यांना बऱ्याच वर्षांत आले नव्हते.

त्यानंतर हा त्यांचा रिवाजच झाला. दर वर्षी त्या जात, शब्दाच्या दारावर टकटक करत, आणि आतून कोणीतरी आहे असे उत्तर येई. दर वर्षी कुठल्याशा शहरात उत्पलाच्या पडद्यावर ओळ उमटत असणार: आपल्या शब्दापाशी कोणीतरी येऊन गेले. कोण, हे तिला सांगायला नको होते. शब्द टाकून द्यायचा असता तर तिला तो एकदा मोठ्याने बोलून टाकता आला असता. इथे यावे लागले असते म्हणून ती बोलत नसेल, असाही अर्थ निघत होता. विशाखाबाईंना दोन्ही अर्थ दिसत, आणि तर्कशास्त्र बाजूला ठेवून त्या पहिला घेत. दोघींना एकमेकींशी बोलायचे नव्हते, आणि न बोलण्याचा हा एवढा एक मार्ग दोघींनी जपला होता.

पत्र लिहावे, शोध घ्यावा, असे त्यांना वाटले नाही असे नाही. दोनदा त्यांनी मजकूर तयारही केला. पण क्षमा मागणारे वाक्य लिहिले की त्यातले क्रियाविशेषण त्यांना खटके, ते काढले की वाक्य उद्धट वाटे, आणि सुधारता सुधारता दिवस मावळे. शिवाय घाई काय होती? उत्तर दर वर्षी येतच होते.

*

ज्या वर्षी ते आले नाही, त्या वर्षी कार्यालयाला नवा रंग दिला होता. दारावरचा शिपाई आता त्यांना ओळखत होता, “तोच शब्द का, आजी?” असे त्याने हसून विचारले, आणि त्याही हसल्या. आत बसल्या. तीन अक्षरे टंकित केली.

पडदा एक क्षण कोरा राहिला. मग ओळ आली: ‘शब्द उपलब्ध आहे. आपल्या नावे नोंदवावा का?’ खाली दोन चौकटी होत्या, हो आणि नाही.

आपल्या हातून शुद्धलेखनाची चूक झाली असावी, अशी इच्छा विशाखाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच केली. त्यांनी चष्मा पुसला. अक्षरे एकेक करून तपासली. मात्रा होती, उकार ऱ्हस्व होता, अनुस्वार जागच्या जागी होता. शब्द निर्दोष होता.

उष्टा झाला असता तर पडद्याने तसे म्हटले असते. धारकाला शब्द आपण होऊन परत करता येत नव्हता, तशी सोयच ठेवली नव्हती. शब्द मोकळा होण्याची वाट एकच होती. त्या कलमावर त्या दोन बैठका भांडल्या होत्या. भाषेची मालकी मेलेल्यांकडे राहता कामा नये. विरोध करणाऱ्या तज्ज्ञाचा थकलेला चेहरा त्यांना आठवला, आणि बैठक संपल्यावर त्याने हात जोडून “जिंकलात मॅडम” म्हटले होते, तेही.

त्यांनी ‘नाही’ची चौकट दाबली.

उईके वरच्या मजल्यावर होता. बाईंचा चेहरा पाहून त्याने दार लावून घेतले. त्याने जे पाहता येण्यासारखे होते ते पाहिले. एका पिठाची नोंद काढून टाकलेली होती, दिवाळीच्या आसपास. नाव नव्हते, गाव नव्हते, कशाने तेही नव्हते. जवळचे माणूस म्हणून धारकाने कोणाचे नाव दिले असते तर त्याला कळवले गेले असते. विशाखाबाईंना कोणी कळवले नव्हते, याचा अर्थ त्यालाही समजला आणि त्यांनाही.

“त्या वर्षीच तुम्ही बोलाले पाहिजे होतं,” उईके म्हणाला. “मले शब्द माहीत असता तं मीच ओरडलो असतो, मॅडम. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, तिनं दिल्या असत्या. पण भेट तं झाली असती.”

विशाखाबाईंना यावर बरेच काही म्हणता आले असते. संमती, सत्ता, माहितीवरचा हक्क. यावर त्यांच्याइतके वाचलेले माणूस विदर्भात दुसरे नव्हते. “हो,” त्या म्हणाल्या. “झाली असती.”

तो गाडीने सोडतो म्हणाला. त्यांनी त्याला कॉलनीच्या तोंडाशीच थांबवले आणि परत पाठवले.

वळणावरचा खांब तोच होता. तारा केव्हाच जमिनीखाली गेल्या होत्या. आता त्यावर नगरपालिकेची करड्या रंगाची पेटी होती, लोकांच्या सोयीसाठी ऐकत असलेली. उन्हे उतरली होती. इंगोल्यांच्या घरातून खाकरल्याचा आवाज आला, आणि आतून कोणीतरी उठून गेल्याचा. विशाखाबाई खांबापाशी पोहोचल्या आणि तिथून घराकडे वळून पाहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या फाटकात कितीदा तरी उभ्या राहिल्या होत्या. खांबापासून फाटक कसे दिसते, हे त्यांनी पाहिलेच नव्हते. बरेच जवळ दिसत होते. फाटकात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा इथून सहज दिसला असता. कोणी उभे नाही, हेही दिसले असते.

त्यांनी हात उंच केला.

“येतुंबा,” त्या म्हणाल्या. आणि मग, आसपासच्या सगळ्या घरांतल्या सगळ्या माइकांना नीट ऐकू जाईल, कोणालाही कधीही तो आपल्या नावे करता येणार नाही, इतक्या मोठ्याने पुन्हा: “येतुंबा.”

पेटीवरचा ठिपका निळा झाला. जगात छापलेले सारे वाचलेल्या आणि बोललेले सारे ऐकलेल्या यंत्राने अदबीने विचारले, “क्षमा करा, हा शब्द माझ्या कोशात नाही. अर्थ सांगाल का?”

विशाखाबाईंनी उत्तर दिले नाही. फाटकात कोणी नव्हते, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.